एकच गाणं, दोन तबकड्या

साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे : स्ट्रट कंपनीने २०१९ साली दक्षिण आफ्रिकी गायिका मिरियम मकेबाच्या ‘पाता पाता’ची नवी आवृत्ती काढली, त्यात दोन रेकॉर्डी कशासाठी? दोन्हीवर गाणी तीच. एक मोनो, एक स्टिरिओ. एकच काढून निम्म्या किमतीत द्यायला काय झालं होतं?

मला विचाराल तर त्यातली स्टिरिओ नसती तरी चाललं असतं. ऐकायची ती मोनो. का, ते सांगतो, आणि त्यातच आजचा हप्ता संपणार याची मला कल्पना आहे. मिरियमच्या गिनीतल्या मुक्कामाबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यात.

१९६७ मध्ये अमेरिकेत बहुतेक एलपी दोन रूपांत निघत. मूळ ‘पाता पाता’ हाताशी असेल तर रीप्रीझ कंपनीचा क्रमांक बघा : मोनोवर ‘आर ६२७४’, स्टिरिओवर ‘आरएस ६२७४’. फरक एका अक्षराचा आणि एके काळी साधारण एका डॉलरचा. मोनो स्वस्त होती म्हणून विद्यार्थी, नोकरदार तीच घेत. त्याच वर्षी कंपन्यांनी मोनोची किंमत वाढवून स्टिरिओच्या बरोबरीला आणली. मग मोनो कोण घेणार? वर्षभरात अमेरिकी दुकानांतून ती जवळजवळ नाहीशी झाली.

पण ‘पाता पाता’ लोकांच्या कानावर पडलं ते एलपीवरून नव्हेच. ते गाजलं छोट्या सिंगलवर आणि रेडिओवर. बिलबोर्डच्या यादीत ते बाराव्या क्रमांकापर्यंत चढलं, तेव्हा ऐकणाऱ्याच्या समोर मोटारीतला एकुलता एक स्पीकर होता किंवा उशाशी ठेवलेला ट्रान्झिस्टर. निर्माता जेरी रॅगोव्हॉय हा सिंगल विकणाऱ्यांच्या जगातला माणूस. गाणं एका छोट्या स्पीकरमधून कसं बाहेर येईल, याचं भान त्या जगात सगळ्यांनाच असे. मोनोत मिरियमचा आवाज, तालवाद्यं आणि ब्राझीलच्या सिवुकाची गिटार एकमेकांना खेटून उभी राहतात. मधे ती इंग्रजीत ‘पाता पाता’ नावाच्या नाचाची ओळख करून देते, ते बोलणंही तालाच्या बाहेर पडत नाही. स्टिरिओत हीच मंडळी खोलीभर पांगतात. ऐकायला ऐसपैस वाटतं, पण नाच थोडा ढिला पडतो. जोहान्सबर्गच्या वस्त्यांतला हा नाच, तिथल्या दाटीतच शोभणारा. आणि त्या वस्त्यांना मात्र ही रेकॉर्ड उघडपणे मिळणार नव्हती. १९६३ साली संयुक्त राष्ट्रांपुढे वर्णद्वेषाविरुद्ध साक्ष दिल्यावर मिरियमचं नागरिकत्व गेलं होतं आणि तिच्या रेकॉर्डींवर मायदेशात बंदी होती.

आपल्याकडच्या संग्राहकांना मोनोबद्दल वेगळं सांगायला नको. साठच्या दशकातली हिंदी सिनेगीतं आपण मोनोतच ऐकली आणि त्यांत कुणाला काही कमी वाटलं नाही. पुढे मोनोच्या जुन्या रेकॉर्डिंगला यंत्राने ओढूनताणून दोन कानांचं करायची टूम निघाली. अमेरिकी कंपन्यांनी ती साठच्या दशकातच भरपूर केली. आपल्या झंकार बीट्सची ही थोरली बहीण. म्हणून कुठल्याही नव्या आवृत्तीवर ‘स्टिरिओ’ दिसलं की मी आधी ती मूळची स्टिरिओ आहे का ते बघतो. ‘पाता पाता’ची आहे, तेव्हा तिथे फसवणूक नाही.

आता थोडं खाचेबद्दल. मोनोच्या खाचेत सुई फक्त डावी-उजवीकडे हलते. स्टिरिओत खाचेच्या दोन तिरप्या भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरलेले असतात, म्हणून सुई वर-खालीही हलते. मोनो रेकॉर्ड आजच्या स्टिरिओ सुईने बेलाशक वाजवा. मात्र वर-खालीच्या हालचालीत तिथे संगीत नसतंच. असते ती धूळ आणि झीज. अँपवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा. दोन्ही बाजू एकत्र होतात, वर-खालीचा आवाज एकमेकांना खोडतो आणि जुन्या रेकॉर्डची चुरचुर निम्म्यावर येते. नव्या रेकॉर्डला याची गरज कमी, पण चोरबाजारातून आणलेल्या जुन्या मोनोवर करून बघाच. उलटं मात्र करू नका : जुन्या जड मोनो पिकअपने स्टिरिओ रेकॉर्ड वाजवली तर त्या भिंती खरवडल्या जातात.

स्ट्रटने २०२० मध्ये काढलेल्या ‘कीप मी इन माइंड’मध्ये असा जोडसंच का नाही, हेही आता लक्षात येईल. तो अल्बम १९७० चा, तोवर मोनोचे दिवस सरले होते. निर्माता लुईस मेरेनस्टीन, व्हॅन मॉरिसनच्या ‘अ‍ॅस्ट्रल वीक्स’वाला, मॉरिसनची गाणीही त्यात आहेत. शिवाय मधल्या काळात, १९६८ साली, मिरियमने ब्लॅक पॉवर चळवळीचा नेता स्टोकली कार्मायकल याच्याशी लग्न केलं होतं. अमेरिकेत तिचे कार्यक्रम धडाधड रद्द झाले आणि दोघं गिनीला गेली. अमेरिकेतली मोनो आणि अमेरिकेतली मिरियम, दोघींचा बाजार एकाच सुमाराला उठला. माझ्या मते ‘कीप मी इन माइंड’ हा ‘पाता पाता’पेक्षा सरस अल्बम आहे, आणि बॉन्गीने, म्हणजे तिच्या मुलीने रचलेलं ‘लुमुम्बा’ त्याचं एक मोठं कारण.

तेव्हा साताऱ्याच्या वाचकांना उत्तर : पैसे वाया गेलेले नाहीत. आधी मोनो लावा, दोन्ही बाजू पुऱ्या ऐका. स्टिरिओ पाहुण्यांसाठी ठेवा.