१४२८५७ : सहा अंकांचं रिंगण

सात मित्र, हॉटेलचं बिल हजार रुपये. मोबाइलवर भागाकार केला, तर माणशी १४२.८५७१४२८५७… पैसे कोण काढतंय ते नंतर बघू. आधी या अंकांकडे बघा, तेच सहा जण पुन्हा पुन्हा हजेरी लावतायत!

पाढा म्हणा
१४२८५७ दुणे २८५७१४. त्रिक ४२८५७१. चोक ५७१४२८. पंचे ७१४२८५. सक ८५७१४२. अंक तेच, क्रमही तोच. फक्त पुढे उभा राहणारा बदलतो. आणि साते? ९९९९९९!

आठावर थोडी लबाडी
आठे ११४२८५६. बिघडलं? छे! पुढचा १ उचला, मागच्या ६ मध्ये मिळवा. झाले १४२८५७.

जादू नव्हे, बाकी
१ ला ७ ने भागताना बाकी उरते ३, मग २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. सातापेक्षा लहान सगळ्या बाक्या एकेकदा येऊन जातात. २ ला भागलं, तर याच रिंगणात २ च्या जागेवरून शिरायचं, इतकंच.

तोडा आणि जोडा
१४२ + ८५७ = ९९९. १४ + २८ + ५७ = ९९. दोन सारखे तुकडे करा वा तीन, नऊच नऊ.

ओळखीच्या जागा
शाळेत π साठी २२/७ घ्यायचो ना? ते ३.१४२८५७… खरा π ३.१४१५९…, म्हणजे जोडी दुसऱ्या दशांशापर्यंतच जमते. ३६५ दिवसांचे आठवडे करा : ५२.१४२८५७… इथेही हेच सहा जण.

भाऊबंद आहेत, पण…
१७ आणि १९ ने १ ला भागलं तरी अशीच रिंगणं मिळतात, अनुक्रमे १६ आणि १८ अंकांची. पण त्यांच्या तोंडाशी शून्य येतं. शून्याचा टेकू न घेता फिरणारी आपल्या दशमान पद्धतीतली संख्या ही एकच.

देवळालीचा शिक्का
१४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा : २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. वर्गातून स्वतःच परत येणाऱ्या अशा संख्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. डहाणूत जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्यावरून हे नाव पडलं. आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो, तिला ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, हे नावही त्यांचंच. इथे अंकांची बेरीज २७, आणि २७ × ५२९१ = १४२८५७. एकाच संख्येवर कापरेकर सरांचे दोन शिक्के!

आणि ते बिल? प्रत्येकानं १४२ रुपये काढले, तरी सहा रुपये कमीच पडतात. सगळी गंमत त्या बाकीचीच. फक्त ती भरायची कोणी, हे गणित सांगत नाही.