चीजचे चीज व्हावे, तर...

मराठी घरात दूध नासणे ही काही शुभ घटना मानली जात नाही. नासलेल्या दुधात साखर घालून, ते आटवून वेळ निभावून नेली जाते खरी. पण दूध मुद्दाम फाडायचे, त्याला मीठ लावायचे, महिनोन्‌महिने मुरवत ठेवायचे आणि मग कौतुकाने पाहुण्यांपुढे मांडायचे, ही कल्पना आपल्याकडे उशिरा रुजली. चीज घराघरांत आले तेही पत्र्याच्या डब्यातून आणि चंदेरी कागदात गुंडाळलेल्या क्यूबमधून. साहजिकच चीज म्हणजे सँडविचवर किसायची खारट वस्तू, हा समज दोन पिढ्या टिकला.

आता चित्र बदलले आहे. पुणे जिल्ह्यातील मंचरला चीजचा मोठा कारखाना आहे, मुंबई-पुण्यात हाताने चीज बनवणारे छोटे उत्पादक आहेत आणि मोठ्या दुकानांच्या शीतकपाटांत चेडार, गौडा, फेटा, ब्री अशी नावे सर्रास दिसतात. किमती मात्र खिशाला जाणवणाऱ्या. एवढे पैसे मोजून आणलेला तुकडा फ्रीजमधून काढून तसाच तोंडात टाकला, की ‘यात काय एवढे?’ असा प्रश्न पडतो. दोष बहुतेक वेळा चीजचा नसतो, ते खाण्याच्या पद्धतीचा असतो.

चीज बनते कसे, हे थोडे समजून घेतले तर पुढच्या गोष्टी सोप्या होतात. दुधाला आधी विरजण लागते. त्यातील जिवाणू दुग्धशर्करेचे आम्लात रूपांतर करतात. मग रेनेट नावाच्या विकराने दूध घट्ट होते. ते कापून निवळी काढून टाकतात, मीठ लावतात आणि प्रकारानुसार मुरायला ठेवतात. एक किलो चेडारसाठी गाईचे सुमारे १० लिटर दूध लागते. मुरताना प्रथिने व स्निग्धांश यांचे विघटन होते आणि त्यातूनच चव व गंध जन्माला येतात. दुग्धशर्करा बरीचशी निवळीबरोबर जाते, उरलेली जिवाणू संपवतात. म्हणूनच दूध न सोसणाऱ्या अनेकांना चांगले मुरलेले कठीण चीज सोसते.

आपल्या परिचयाचे क्यूब आणि स्लाइस म्हणजे प्रक्रिया केलेले चीज. स्वित्झर्लंडमधील वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी १९११ मध्ये चीज सायट्रेट क्षारांबरोबर तापवून ते टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. त्यात मुरण्याची क्रिया थांबते, म्हणून ते टिकते आणि एकसारखे वितळते. टोस्टसाठी ते उत्तमच. त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. सावध राहायचे ते ‘अ‍ॅनालॉग’पासून. यात दुधातील स्निग्धांशाऐवजी पामतेलासारखे वनस्पती तेल असते. वेष्टनावरील घटकांची यादी वाचण्याचा कंटाळा करू नये.

शाकाहारी वाचकांच्या मनात रेनेटविषयी शंका असते आणि ती रास्त आहे. पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून मिळते. इटलीचे पार्मिजानो रेज्जानो आजही त्यावरच बनते. भारतीय अन्न-मानकांत मात्र चीजसाठी बिगर-प्राणिज रेनेटच गृहीत धरले आहे. त्यामुळे देशी चीज घेताना हिरवा ठिपका पाहिला की पुरे. परदेशातून कोणी भेट म्हणून चीज आणले, तर विचारून घेणे बरे.

आता मुख्य मुद्दा तापमानाचा. थंडगार चीजमधील स्निग्धांश गोठलेला असतो, गंध मोकळा होत नाही. युरोपातील पुस्तके तासभर आधी चीज बाहेर काढायला सांगतात. पण मुंबईच्या मे महिन्यात तासाभराने ब्रीचे पिठले होईल! आपल्याकडे उन्हाळ्यात वीस मिनिटे आणि थंडीत पाऊण तास पुरतो. ताज्या मोझरेलाला तेवढीही गरज नाही.

चार जण जेवायला येणार असतील तर तीन प्रकार पुष्कळ झाले: एक मऊ, एक कठीण आणि एक तीव्र वासाचे. जेवणाआधी खायचे असल्यास माणशी ४०-५० ग्रॅमच्या वर जाऊ नये. १०० ग्रॅम चेडारमध्ये सुमारे ४०० कॅलरी आणि पावणेदोन ग्रॅमच्या आसपास मीठ असते. सुरुवात सौम्य चीजपासून करावी, कारण निळ्या बुरशीच्या चीजनंतर ब्रीची चव लागतच नाही. प्रत्येकासाठी वेगळी सुरी हवी. त्रिकोणी तुकड्याचे टोक छाटून घेणे असभ्य मानतात; काप लांबीत घ्यावेत.

सोबतीला महागडी परदेशी बिस्किटे लागतातच असे नाही. पुरंदरचे अंजीर आणि ब्री, नाशिकची द्राक्षे आणि गौडा, महाबळेश्वरचा मध आणि निळे चीज ही जोडपी कोणत्याही परदेशी ताटात शोभतील. कुरकुरीत खाकरा किंवा ज्वारीची कडक भाकरी चेडारबरोबर छान लागते. लसणीची चटणी मात्र दूर ठेवावी. तिच्यापुढे कोणाचेच काही चालत नाही.

थंडीच्या रात्री स्विस पद्धतीचे फाँड्यू घरीही जमते. भांड्याला लसूण चोळून त्यात पांढरी वाइन तापवायची, कॉर्नफ्लोअर लावलेले किसलेले ग्रुयेर आणि एमेंटाल थोडे थोडे घालायचे व उकळी न आणता ढवळायचे. वाइनमधील आम्लामुळे चीजच्या गुठळ्या होत नाहीत. वाइन नको असेल तर पाणी आणि लिंबाचा रस चालतो. पावाचे तुकडे बुडवून खाऊन झाले, की तळाशी खरपूस खरवड उरते. तिच्यासाठी घरात भांडणे होतात.

उरलेले चीज प्लॅस्टिकमध्ये करकचून बांधू नये. बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात घालावे आणि फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावे. कठीण चीजवर बुरशी आली तर भोवतालचा इंचभर भाग कापून बाकीचे खाता येते. मऊ चीजवर नको ती बुरशी दिसली, तर ते सरळ टाकून द्यावे. गर्भवतींनी ब्री, कॅमेम्बेर यांसारखी मऊ, बुरशीयुक्त चीज आणि कच्च्या दुधाची चीज टाळावीत, कारण त्यांत लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो. कठीण, पाश्चराइज्ड दुधाचे चीज त्यांनाही चालते.