नवशिक्या धनुर्धरासाठी रिकर्व्ह बाणाची निवड : एक शास्त्रीय विवेचन

धनुर्विद्येच्या क्षेत्रात सातारा जिल्ह्याने अलीकडे जागतिक पातळीवर स्थान मिळविले आहे. फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह प्रकारात भारताकडून खेळले. २०२३ मध्ये साताऱ्याच्या पार्थ साळुंखे यांनी लिमरिक येथील जागतिक युवा स्पर्धेत २१ वर्षांखालील रिकर्व्ह गटाचे विजेतेपद मिळविले. या यशाने प्रेरित होऊन सातारा-सांगली भागातील जो विद्यार्थी बांबूच्या धनुष्याकडून रिकर्व्हकडे वळतो, त्याचे कुटुंब बहुधा सर्व विचार धनुष्याचा करते आणि बाण उरलेल्या पैशांत घेते. हा क्रम, आमच्या मते, उलटा आहे.

प्रथम लांबीचा विचार करावा. दोन्ही हात पसरून मोजलेल्या अंतरास अडीचने भागले असता ओढीची अंदाजे लांबी मिळते. बाण त्याहून किमान दोन इंच लांब असावा. आखूड बाण पूर्ण ओढीत आधारावरून मागे घसरतो व सुटताना धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. शिवाय मुलांचे हात वर्षभरातही वाढतात, हे विसरून चालणार नाही.

दुसरा व अधिक सूक्ष्म मुद्दा दांड्याच्या ताठरपणाचा, म्हणजेच स्पाइनचा होय. २८ इंच अंतरावरील दोन आधारांवर दांडा ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅम वजन टांगले असता तो इंचाच्या जितक्या सहस्रांशांनी वाकतो, तो त्याचा स्पाइन क्रमांक. १००० क्रमांकाचा दांडा एक इंच वाकतो, ५०० क्रमांकाचा अर्धा इंच. म्हणजे आकडा मोठा तितका बाण लवचीक. बोटांवरून सुटणारी दोरी किंचित बाजूस सरकते, त्यामुळे बाण सुटताना वाकतो व धनुष्याच्या मुठीला वळसा घालून पुढे जातो. हे वाकणे धनुष्याच्या जोराशी जुळले पाहिजे. २० ते २४ पौंडांच्या धनुष्यास साधारणतः १००० किंवा त्याहून मोठ्या क्रमांकाचा बाण योग्य ठरतो. धनुष्यावर छापलेले पौंड २८ इंच ओढीचे असतात. ओढ एका इंचाने कमी झाली की जोर सुमारे दोन पौंडांनी घटतो. म्हणून २५ इंच ओढणाऱ्या मुलाने छापील आकड्यावरून बाण घेतल्यास तो हमखास ताठर निघतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा असा बाण डावीकडे जातो, आणि दोष मात्र मुलाच्या नेमाला दिला जातो!

साहित्यापैकी अ‍ॅल्युमिनियम नवशिक्यास सोयीचे. त्यावरील १७१६ या आकड्याचा अर्थ व्यास १७/६४ इंच व पत्र्याची जाडी १६/१००० इंच असा होतो. तो वाकला तर डोळ्यांना दिसतो. कार्बनचा तडा सहज दिसत नाही. म्हणून असा बाण प्रत्येक वेळी चढविण्यापूर्वी हलकेच वाकवून, कानाजवळ धरून तपासावा. कडकड ऐकू आल्यास तो तत्काळ मोडून टाकावा, म्हणजे चुकूनही दुसरा कोणी वापरणार नाही.