शरीराचा कारभार स्वतःच्या हाती

आघातानंतरचे आयुष्य : लेखांक पाचवा

गेल्या लेखांकात पाठीच्या कण्याची रचना आपण पाहिली : मानेचे ७, पाठीचे १२ व कमरेचे ५ मणके, त्यांच्या पोकळीतून उतरत कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपणारा मज्जारज्जू, आणि त्याच्या दोहों बाजूंनी फुटणाऱ्या मज्जातंतूंच्या ३१ जोड्या. मोडलेला मणका कालांतराने जुळतो. परंतु मज्जारज्जू चिरडला गेला, तर त्या जागेखालील अवयवांचा मेंदूशी चालणारा व्यवहार खंडित होतो, आणि तो पूर्ववत् जोडून देण्याची विद्या वैद्यकशास्त्रास अद्याप साध्य झालेली नाही. हे कटू सत्य मान्य केल्यावर जो प्रश्न उरतो, तो आजच्या लेखांकाचा विषय आहे : ज्याचे सारे आयुष्य अजून पुढे पडले आहे, अशा विशी-पंचविशीतील माणसाने या आघातानंतर जगावे कसे?

तारुण्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. नारळाच्या झाडावर चढणारा, इमारतीच्या परांचीवर उभा राहून गिलावा करणारा, रात्रपाळी संपवून मोटारसायकलीने घर गाठणारा, उन्हाळ्यात विहिरीच्या कठड्यावरून उथळ पाण्यात सूर मारणारा, हा सारा कमावत्या किंवा कमावू पाहणाऱ्या वयाचा समाज आहे. ज्याच्यावर घराची भिस्त, तोच एका क्षणात घरच्यांच्या स्वाधीन होतो; आणि शरीराला झालेल्या दुखापतीइतकीच ही उलथापालथ त्याला असह्य होते.

रुग्णालयातील खाटेभोवती पहिला प्रश्न ऐकू येतो तो एकच : ‘पोरगा परत चालेल ना?’ आघातानंतर काही आठवडे मज्जारज्जू बधिर अवस्थेत असू शकतो, इजा अपुरी की संपूर्ण याचा पक्का निकाल त्या मुदतीत देणे कठीण असते, आणि इजा अपुरी असल्यास पहिल्या काही महिन्यांत बरीच शक्ती परतही येते. म्हणून डॉक्टर जपून बोलतात, आणि त्यांच्या जपून बोलण्यात आप्तांना आशा दिसते. आशा धरण्यात गैर काहीच नाही. पण आशेच्या नावाखाली बाकीची सारी कामे तहकूब ठेवली जातात, तेथे अनर्थाला आरंभ होतो. जमिनीचा तुकडा गहाण पडतो, कोणी मालिशवाल्याचा पत्ता देतो, कोणी लांबच्या गावच्या जाणत्याचा. गुण येईल या भरवशावर वर्ष निघून जाते, आणि तेवढ्या अवधीत माकडहाडावरची कातडी सडते, लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचतो, गुडघे व घोटे आखडून बसतात. कमरेखालचा लुळेपणा स्वतः सहसा जीव घेत नाही. त्याच्या आश्रयाने वाढणाऱ्या या उपाधी घेतात, आणि त्यांपैकी बहुतेक टाळता येण्यासारख्या असतात.

हे ज्ञान फार जुने नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कण्याला जबर इजा झालेल्या सैनिकाची गणना डॉक्टरदेखील वाचणाऱ्यांत करीत नसत. शय्याव्रण आणि मूत्रसंसर्ग यांनी बहुतेकांचा लवकरच अंत होई, आणि तो अटळ समजून सारे स्वस्थ बसत. ही समजूत मोडून काढण्याचे श्रेय प्रामुख्याने लुडविग गुटमान यांना आहे. तत्कालीन जर्मनीतील ब्रेस्लाउ येथे नावारूपास आलेले हे ज्यू मज्जाशल्यविशारद नाझी अमलातून निसटून १९३९ मध्ये इंग्लंडला आले, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात मेरुदंडाच्या जखमींचा विभाग त्यांच्या स्वाधीन झाला. त्यांच्यापाशी कोणतेही अद्भुत औषध नव्हते. दर दोन तासांनी, दिवसा तशीच रात्रीही, प्रत्येक रुग्णाची कूस बदललीच पाहिजे असा दंडक त्यांनी घातला, मूत्राशयाच्या स्वच्छतेचा कडक बंदोबस्त केला, आणि वाचलेल्या तरुणांना खाटेवर पडून राहू न देता कामाला व खेळाला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्या रुग्णालयाच्या आवारात १६ माजी सैनिक स्त्री-पुरुष चाकाच्या खुर्चीत बसून तिरंदाजीच्या सामन्यात उतरले. पुढे १९६० साली रोम येथे भरलेल्या पहिल्या पॅरालिंपिक सामन्यांचे मूळ त्या दिवसात आहे. पुनर्वसन म्हणजे उपचार हरल्यावर द्यावयाचे सांत्वन नसून तोच मुख्य उपचार होय, हा गुटमान यांच्या कार्याचा मथितार्थ आहे.

या उपचाराचा गाभा असा की, पूर्वी जे कारभार शरीर आपोआप पाहत होते, ते आता माणसाने जाणूनबुजून स्वतः पाहावयाचे. त्यांत पहिला मान त्वचेचा. संवेदना गेलेले अंग तक्रार करीत नाही, म्हणून त्याची फिर्याद धन्याने आपण होऊन ऐकावी लागते. निरोगी माणूस बसल्या बसल्या नकळत सतत अंग हलवीत असतो. लुळ्या अंगाच्या माणसाने हेच काम घड्याळ पाहून करावयाचे. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक लावावे, दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर रोवावे, कोपरे ताठ करीत बैठक गादीपासून उचलावी, मनात अंक मोजीत तशीच अधांतरी धरावी, आणि मग अलगद टेकावी. खांदे थकत असतील तर पुढे किंवा एका बाजूला पुरते ओणवे होऊन भार हलका करावा. आणि पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा हाच क्रम. रात्री निजण्यापूर्वी लांब दांड्याच्या आरशात नितंब, माकडहाड व टाचा न्याहाळाव्या. सावळ्या कातडीवर लाली चटकन उमटून दिसत नाही, म्हणून बोटांनी चाचपून कोठे ऊब किंवा कठीणपणा लागतो का तेही पाहावे, आणि संशयाचा डाग आढळल्यास तो मावळेपर्यंत त्या जागेवर भार देऊ नये. मांडीवर ठेवलेला गरम चहाचा पेला, पोटरीला लागलेला मोटारसायकलीचा तापलेला सायलेन्सर, बुटात राहून गेलेला खडा, यांची वार्ता मेंदूपर्यंत पोचत नसल्याने डोळ्यांनाच पहारा करावा लागतो.

दुसरा कारभार मूत्राशयाचा. कायमची नळी घालून ठेवणे सोपे वाटते, पण तिच्या वाटेने संसर्गाला कायमचे दार उघडे राहते. १९७२ साली जॅक लॅपिडीस या अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह असे दाखवून दिले की, रुग्णाने हात स्वच्छ धुऊन ठरावीक तासांनी स्वतःच बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे केले व नळी काढून घेतली, तर संसर्ग पुष्कळच आटोक्यात राहतो. आज साधारणतः दर चार ते सहा तासांनी हे करावयास शिकवितात, आणि एकदा हात बसला की कचेरीत वा प्रवासातही ते काही मिनिटांत उरकते. शौचासही अशीच ठरलेली वेळ लावून घेता येते. ज्यांची इजा पाठीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्याही वर आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट घरातील प्रत्येकाला पढवून ठेवावी : एकाएकी डोके ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम सुटला, तर रक्तदाब धोक्याच्या पातळीवर चढला असण्याचा संभव असतो. अशा वेळी रुग्णास ताबडतोब उठवून बसवावे, कपडे सैल करावे, मूत्राशय तुंबले आहे का ते पाहावे, आणि उतार न पडल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

तिसरा कारभार घराचा. चाकाची खुर्ची आली तरी उंबरठा, ओटा आणि मोरीची अरुंद चौकट आडवी येते. उताराचा सर्वमान्य हिशेब असा की, एक फूट उंची चढण्यास बारा फूट लांबीचा उतार लागतो. त्याहून उभा उतार केला तर वर चढणाऱ्याचे खांदे भरून येतात व उतरताना तोल जातो. दार तीन फूट रुंद असावे, संडासात कमोड व भिंतीला भक्कम दांडी असावी, खाट व खुर्चीची बैठक एका उंचीवर असावी. गवंड्याच्या चार-आठ दिवसांच्या कामाने एक माणूस दुसऱ्याला हाक न मारता आंघोळ करू शकतो. या खर्चाची तजवीज मालिशवाल्याच्या बिदागीआधी झाली पाहिजे.

अशा शिस्तीवर उभे राहिलेले आयुष्य किती मजल मारू शकते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर भागातील मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग निकामी झाले. व्यायामोपचार म्हणून धरलेले पोहणे त्यांनी इतके आत्मसात केले की, १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त जलतरणात त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले. १९६५ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवणारे मेजर अहलुवालिया त्याच वर्षीच्या युद्धात कण्यात गोळी लागून कायमचे चाकाच्या खुर्चीत बसले, आणि पुढे दिल्लीतील मेरुदंड-इजांचे मोठे रुग्णालय त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र चालू आहे. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून सर्वसामान्य नागरिकांसाठी आहे. पदक सर्वांना मिळावयाचे नाही व त्याची गरजही नाही. ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच की, या थोर माणसांनीही आरंभ केला तो कूस बदलण्यापासून आणि खुर्चीत बसावयास शिकण्यापासून.

उपजीविकेच्या बाबतीत कायदा पुष्कळांना ठाऊकच नसतो. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये, शासनाने खास सूट दिलेली खाती वगळता, नोकरीत असता अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास कोणत्याही सरकारी आस्थापनेने कमी करता कामा नये, की त्याचा दर्जा उतरविता कामा नये. पूर्वीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या जागी बदली करावयाची, आणि तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावयाचे, अशी स्पष्ट तरतूद आहे. प्रमाणपत्राप्रमाणे ४० टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के व सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत. तेव्हा कोणी गोड बोलून राजीनाम्याचा कागद पुढे केला तर त्यावर सही करण्यापूर्वी हा कायदा वाचावा, आणि अपंगत्वाचा दाखला व ओळखपत्र यांचा अर्ज लवकर दाखल करावा.

मनाचा कारभार सर्वांत अवघड. पहिल्या वर्षात संताप, मौन, जगण्याचा वीट, हे सारे येते, आणि ते आल्याबद्दल कोणी लाज बाळगण्याचे कारण नाही. ‘धीर धर’ म्हणणाऱ्या दहा नातलगांपेक्षा, स्वतः चाकाची खुर्ची चालवीत भेटावयास आलेला, पाच-सात वर्षांमागे अशाच खाटेवर पडलेला एक माणूस अधिक काम करतो. कारण त्याचे उत्तर त्याच्या येण्यातच असते. मरणाचे विचार घेरू लागले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते. विवाह व संतती यांविषयी आपल्याकडे कोणी तोंड उघडीत नाही, म्हणून येथे स्पष्ट लिहितो : कण्याची इजा झालेल्या स्त्रीस बहुधा मातृत्व शक्य असते, पुरुषासही वैद्यकीय साहाय्याने पितृत्व लाभू शकते, आणि हा विषय डॉक्टरांपाशी काढणे हा रुग्णाचा हक्क आहे.

वाचकांना शेवटी दोन विनंत्या करतो. अपघातस्थळी पाठीला वा मानेला इजा झाल्याचा संशय असेल, तर जागीच राहण्यात जिवाला धोका नसल्यास जखमीला हातापायांना धरून उचलू नका, रिक्षात कोंबू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि तोवर मान व पाठ एका रेषेत स्थिर ठेवा, कारण अपुरी इजा संपूर्ण होण्यास तेवढी एक हिसक्याची उचल पुरे होते. आणि असा तरुण तुमच्या घरात वा शेजारी असेल, तर ‘तो परत चालेल का’ या प्रश्नासोबत पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना दुसराही प्रश्न विचारा : ‘याला स्वतःची काळजी घ्यावयास कोण शिकविणार, आणि केव्हापासून?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणाच्याच हाती नसते; दुसऱ्याचे आपल्या हाती असते, आणि त्या तरुणाचे पुढचे आयुष्य त्यावरच ठरते.