शीर, रोहिणी आणि नीला : पाळीव जनावरांच्या रक्तवाहिन्यांची नावे

मराठी शेतकऱ्याच्या बोलीत रक्त वाहणारी प्रत्येक नळी ही शीरच होय. गायीच्या कासेपुढे पोटाखाली फुगून दिसते ती दुधाची शीर आणि घोड्याच्या मानेवर उठते ती मानेची शीर. इतकेच नव्हे, तर स्नायूस ताण बसला तरी 'शीर आखडली' असेच म्हटले जाते. व्यवहारात या एका शब्दावाचून अडत नाही. शरीररचनाशास्त्रात मात्र त्याने अडते. आणि पशुवैद्याच्या हाती सुई असते तेव्हा हा प्रश्न केवळ कोशातला राहत नाही.

'शीर' हे संस्कृत 'सिरा' या शब्दाचे रूप. चरकाने सिरा हा शब्द सरणे या क्रियेशी जोडला आणि धमनी हा फुंकण्याशी. सुश्रुताने ७०० सिरा व २४ धमन्या मानल्या. आज शास्त्रीय मराठीत रूढ असलेले रोहिणी व नीला हे दोन्ही शब्द सुश्रुतात आढळतात, परंतु तेथे ते सिरांचेच प्रकार आहेत : रोहिणी रक्त वाहणारी, नीला पित्त वाहणारी. म्हणजे शब्द जुने, अर्थ नवा. यात वावगे काही नाही. मात्र तांबडा व निळा हे रंग या नावांना जे चिकटले आहेत, ते विद्यार्थ्यास फसवितात. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत काळसर रक्त असते, आणि तेथून परतणाऱ्या नीलांत लाल. म्हणून व्याख्या दिशेवरूनच केली पाहिजे : हृदयापासून रक्त दूर नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला. रोहिणीची भिंत जाड व लवचिक, नीलेची पातळ. ठोका लागतो तो रोहिणीचा. घोड्याची नाडी खालच्या जबड्याच्या कडेशी, गायीची शेपटीच्या खालच्या अंगास, तर कुत्र्याची व शेळीची मांडीच्या आतल्या बाजूस पाहतात, त्या साऱ्या रोहिण्याच होत.

हा भेद सर्वांत निकडीचा ठरतो तो घोड्याच्या मानेत. मानेच्या दोन्ही अंगांस एकेक लांब खाच असते. तिच्यात त्वचेलगत मन्यानीला आणि तिच्याहून खोल मन्यारोहिणी. मानेच्या डोक्याकडील अर्ध्या भागात या दोहोंमध्ये स्नायूचा एक पट्टा आडवा येतो. छातीकडे तो पडदा उरत नाही व दोन्ही वाहिन्या एकमेकींस जवळ येतात. म्हणून सुई डोक्याकडील भागात टोचावी असा दंडक आहे. नीलेत गेलेले औषध प्रथम हृदयात जाते आणि सर्व रक्तात मिसळून विरळ होते. तेच मन्यारोहिणीत गेल्यास थेट मेंदूकडे जाते. काही क्षणांत घोडा झटके येऊन कोसळतो आणि प्रसंगी दगावतो. बारीक सुईतून लाल रक्ताची चिळकांडी उडेलच असेही नाही. अशा स्थितीत 'मानेची शीर' हे शब्द किती अपुरे आहेत!

'मानेचा वरचा भाग' हे शब्दही तितकेच संदिग्ध आहेत. उभ्या घोड्याच्या बाबतीत वरचा म्हणजे आयाळीकडचा की डोक्याकडचा? माणसाच्या शरीरास योग्य असलेले 'ऊर्ध्व महानीला' हे नाव गायीस लावावे, तर ती वाहिनी हृदयाच्या वर नसून पुढे असते. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या पशुशरीररचनेच्या आंतरराष्ट्रीय लॅटिन नामावलीत अशा ठिकाणी डोक्याकडील व शेपटीकडील अशा अर्थाची विशेषणे योजिली आहेत. मराठीने तोच मार्ग धरावा. 'अग्र महानीला' हे नाव त्या दृष्टीने स्वीकारार्ह आहे.

राहता राहिली दुधाची शीर. तिच्यात दूध नसते, आणि ती कासेस काही पुरवीतही नाही. कासेस रक्त मिळते ते मुख्यत्वे जांघेतून उतरणाऱ्या रोहिणीवाटे. एक लिटर दूध तयार होण्यास सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त कासेतून जावे लागते असे मानतात. तेथून परतणाऱ्या रक्ताचा एक वाटा ही नागमोडी नीला पोटाखालून पुढे नेते व पोटाच्या भिंतीतील छिद्रातून आत शिरते. बाजारात तिच्या जाडीवरून दुधाचा अंदाज बांधतात. तो कच्चा असला तरी अगदी निराधार म्हणता येत नाही. नावात दूध आले ते या निरीक्षणामुळेच असावे. तेव्हा ते नाव बोलीतून काढून टाकण्याचे कारण नाही. पाठ्यपुस्तकात मात्र त्याच्याशेजारी 'उदराची त्वचेखालील नीला' हे नाव असावे.