मातेचे रक्षण करणारे संप्रेरक
गरोदरपणाच्या अखेरीस मातेच्या गर्भाशयाला दर मिनिटाला सुमारे 500 ते 700 मिलिलिटर रक्त पोहोचत असते. बाळाच्या जन्मानंतर वार सुटते तेव्हा तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. तरीही बहुतेक माता सुखरूप राहतात, ते कशामुळे?

मेंदूत तयार होऊन पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक व प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये गर्भाशयाचे स्नायू घट्ट आवळतात. एकमेकांत गुंफलेल्या स्नायुतंतूंमधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्या पकडीत दाबल्या जातात आणि रक्तस्राव आटोक्यात येतो. बाळ स्तनपान करू लागताच ऑक्सिटोसिन पुन्हा स्रवते. दूध पिणारे बाळ जणू आईचीही काळजी घेते.

गर्भाशय सैल राहिले तर मात्र अल्पावधीत मातेच्या प्राणावर बेतते. व्हिन्सेंट डू व्हिन्यो यांनी 1953 साली ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले. 1955 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बाळाच्या जन्मानंतर मातेला त्याची 10 युनिटची मात्रा द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हे औषध शीतपेटीत जपावे लागते. म्हणूनच प्रसूती रुग्णालयातच व्हावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो. जीवन ही परमेश्वराची देणगी आहे. बाळाबरोबर मातेचेही जीवन जपणे हे प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाचे कर्तव्य आहे.