तलवारीचें तळें आणि लेखणीचा मनोरा

व्हिएतनामची राजधानी हनोई. ह्या शहराच्या मध्यभागीं होआन किएम नांवाचें एक तळें आहे. तळें फार मोठें नव्हे. रमतगमत चाललें तरी अर्ध्या तासांत प्रदक्षिणा पुरी होते. परंतु तळ्याकाठीं पोंचावयाचें म्हणजे आधीं रस्ता ओलांडला पाहिजे, आणि मोटार-सायकलींचा लोंढा तर क्षणभरही खंडत नाहीं. तेथील रीत अशी कीं, न थांबतां, न धांवतां, एका चालीनें सरळ चालत राहावें. वाहनें आपोआप दोहों बाजूंनीं निघून जातात. पहिल्या दिवशीं हें जिवावर येतें, तिसऱ्या दिवशीं अंगवळणीं पडतें. ज्यांस हें धाडस नको असेल त्यांनीं शनिवार-रविवार गांठावा. २०१६ सालापासून त्या दिवशीं तळ्याभोंवतीं वाहनांस मज्जाव असतो.

ह्या तळ्यांतील एका लहानशा बेटावर न्गोक सोन, म्हणजे पाचूच्या टेकडीचें, देऊळ आहे. पण देवळाच्या आधीं नजरेंत भरतो तो काठावरचा पांच मजल्यांचा दगडी मनोरा. त्याच्या शिखरावर कळस नाहीं. टोंक आकाशाकडे केलेला एक दगडी कुंचला आहे. त्या देशीं लेखणी ती कुंचल्याचीच. मनोऱ्याच्या अंगावर तीन चिनी अक्षरें कोरलेलीं आहेत. त्यांचा अर्थ, 'निळ्या आकाशावर लिहिणें'.

खालीं उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्यास, वर काय लिहिलें आहे, म्हणून मीं विचारलें. अर्थ त्यानें तत्काळ सांगितला. मात्र कोणतें अक्षर कोणत्या शब्दाचें, हें त्याला सांगतां येईना. अर्थ शाळेंत पाठ केलेला. अक्षरें त्याला माझ्याइतकींच परकीं. देऊळ विद्येचें, लेखणी दगडांत अमर केलेली, आणि लिहिलेलें मात्र घरच्या माणसांस वाचतां येत नाहीं! त्यानंतर त्या आवारांत जें जें पाहिलें, तें मीं ह्याच गोष्टीचा विचार करीत पाहिलें.

मनोरा उभारला न्गुयेन वान सिएउ ह्या पंडितानें, १८६५ सालीं. देऊळ त्याच्या आधींचें. त्यानें त्याचा जीर्णोद्धार केला. काळ मोठा कठीण होता. १८६२ च्या तहानें दक्षिणेकडील तीन प्रांत फ्रेंचांच्या घशांत गेले होते. सिएउ १८७२ मध्यें वारला आणि पुढच्याच वर्षीं फ्रेंचांनीं हनोईचा किल्ला घेतला. देवळापुढें पाण्याकडे तोंड करून ह्या पंडितानें एक मंडप बांधला आहे. त्याचें नांव 'लाटा अडविणारा मंडप'. त्याच्या मनांत कोणत्या लाटा होत्या हें ओळखणें कठीण नाहीं. तोफांपुढें लेखणी उभी करणाऱ्या ह्या माणसास कोणी हंसेल. मला हंसूं आलें नाहीं.

मनोऱ्यापुढच्या दरवाजांवर एकीकडे ड्रॅगनचें व दुसरीकडे वाघाचें चित्र आहे. परीक्षेंत उतरणें म्हणजे माशानें दरवाजा ओलांडून ड्रॅगन होणें. आणि उत्तीर्णांची यादी ती 'व्याघ्रफलक'. पुढच्या कमानीवर तीन बेडकांच्या पाठीवर तोललेली, अर्ध्या पीचफळाच्या घाटाची दगडी दौत आहे. तेथून लांकडी, तांबड्या रंगाचा, पाठ उचललेला पूल बेटावर नेतो.

तळ्याच्या नांवाची कथा येथेंच सांगितली पाहिजे. होआन किएम म्हणजे 'परत केलेली तलवार'. १४१८ पासून दहा वर्षें ले लोइ ह्या पुरुषानें चीनच्या मिंग सत्तेशीं झुंज दिली व १४२८ मध्यें तो राजा झाला. त्याची तलवार दैवी होती, असें कथा सांगते. पुढें एकदां तो ह्या तळ्यांत नौकाविहार करीत असतां एक सोन्याचें कांसव वर आलें, त्यानें तलवार परत मागितली, आणि राजानें ती दिली. देवीनें दिलेल्या तलवारीची कथा आपणांस नवी नाहीं. पण काम झाल्यावर ती परत मागणारें कांसव आपल्या कथेंत नाहीं. भवानी तलवार विलायतेंत आहे कीं नाहीं, हा वाद आपल्याकडे अजून मिटावयाचा आहे!

देवळांत विद्येचा देव वान सुओंग हातीं लेखणी घेऊन उभा आहे, आणि त्याच्याच छपराखालीं त्रान हुंग दाओ ह्या सेनापतीची पूजा होते. ह्यानेंच १२८८ सालीं बाख दांग नदींत खुंट रोवून कुब्लाईखानाचें आरमार बुडविलें. शेजारच्या दालनांत कांचेच्या पेट्यांत दोन अजस्र कांसवें ठेवलेलीं आहेत. एक १९६७ सालीं मेलेलें, दोन मीटरांहून लांब. दुसरें तळ्यांतलें शेवटचें. २०११ सालीं त्याच्या अंगावरील जखमांवर उपचार करण्यासाठीं त्याला बाहेर काढलें, तेव्हां काठावर हजारों लोक लोटले होते. वजन भरलें १६९ किलो. १९ जानेवारी २०१६ रोजीं तें मेलें. ह्या जातीची एक मादी हनोईजवळच्या दोंग मो तळ्यांत सांपडली होती. तीही २०२३ मध्यें मेलेली आढळली.

आतां अक्षरांची गोष्ट. चिनी अक्षरांतली राजपरीक्षा १९१९ मध्यें कायमची बंद झाली आणि रोमन लिपीच देशाची झाली. ती घडविली सतराव्या शतकांतल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं. आलेक्सांद्र द ऱ्होड्सचा कोश १६५१ सालीं रोममध्यें छापला गेला. हा ऱ्होड्स जातांना गोव्यांत राहिला होता. त्याच गोव्यांत १६१६ सालीं फादर स्टीफन्सचें मराठी पुराण रोमन अक्षरांत छापलेलें होतें. आपल्याकडे ती वाट खुंटली, तिकडे तिचा राजमार्ग झाला. ह्या सोप्या लिपीचे उपकार लहान नाहींत. १९४५ च्या सप्टेंबरांत नव्या सरकारनें साक्षरतेची मोहीम काढली, तेव्हां शंभरांत नव्वदांहून अधिक लोक निरक्षर होते. चिनी अक्षरांच्या भरंवशावर राहते तर पिढ्यान् पिढ्या तसेच राहते. तरीपण किंमत द्यावी लागलीच. आपल्या घरांतल्या मोडी कागदांचे रुमाल सोडून पाहणारास ही किंमत निराळी समजावून सांगावयास नको. पणजोबांच्या सहीपुढें आपणही त्या विद्यार्थ्यासारखेच उभे असतों.

नव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे तेत ह्या सणांत, हनोईंत कुंचला व शाई घेऊन लिहिणारे बसतात. लोक रांग लावून एखादें अक्षर मागतात: कोणी सुखाचें, कोणी दीर्घायुष्याचें, परीक्षा जवळ असली म्हणजे यशाचें. तांबड्या कागदावर तें अक्षर लिहून घेऊन भिंतीवर लावतात. पुष्कळांस तें वाचतां येत नसतें. म्हणून कांहीं लिहिणारे कोपऱ्यांत बारीक रोमन अक्षरांत त्याचा उच्चारही लिहून देतात.